तिन्ही वर्तुळं एका बिंदूत मिळतच नाहीत: अपिकेंद्र शोधण्याच्या प्रात्यक्षिकातले नेहमीचे घोळ

भूकंपाचा धडा आला की हे प्रात्यक्षिक ठरलेलं असतं. तीन वेधशाळांचे भूकंपालेख, म्हणजे जमीन कधी कशी हलली त्याच्या रेषेतल्या नोंदी, मुलांना द्यायचे. भूकंपाच्या पी (वेगवान, आधी पोचणाऱ्या) आणि एस (संथ, मागून येणाऱ्या) लहरी पोचण्याच्या वेळांतला फरक मोजायला लावायचा, त्यावरून अंतर काढायचं आणि नकाशावर प्रत्येक वेधशाळेभोवती त्या अंतराच्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतील ते अपिकेंद्र, म्हणजे भूकंप जिथे सुरू झाला त्याच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा. पुस्तकातल्या आकृतीत ती अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या बिंदूत मिळतात. वर्गात मिळत नाहीत. एखाद्या गटाचा हात वर होतो, "बाई, आमची जुळत नाहीयेत." त्याहून मला काळजी असते ती हात वर न करणाऱ्या गटांची. त्यांनी तिसऱ्या वर्तुळाची त्रिज्या गुपचूप अर्धा सेंटिमीटर वाढवून सगळं जमवून टाकलेलं असतं.

म्हणून माझा पहिला नियम म्हणजे या तासाला खोडरबर माझ्या टेबलावर. वर्तुळं जुळली नाहीत तर कशी जुळली नाहीत ते आधी बघायचं. मधे फट राहिली आहे, की एकच वर्तुळ भलतीकडे गेलंय, की तिन्ही एकमेकांवर चढली आहेत? या तीन रूपांची कारणं वेगवेगळी आहेत, आणि आकार बघून बहुतेक वेळा कारण ओळखता येतं.

मधे फट राहते, वर्तुळं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत

तिन्ही वर्तुळं लहान पडली असतील तर आधी वही उघडून गुणाकार बघा. दहापैकी सहा-सात वेळा तिथे असं काही सापडतं: फरक 10 सेकंद, पी लहरीचा वेग सेकंदाला 6 किमी, म्हणून अंतर 60 किमी. मुलाला यात काही चुकलंय असं वाटतच नाही. वेळ गुणिले वेग म्हणजे अंतर, हे सूत्र त्याला पाठ आहे. पण ते 10 सेकंद पी लहरीच्या प्रवासाचे नाहीत, एस लहरीच्याही नाहीत. एक लहर दुसरीच्या किती मागे पडली, तेवढंच ते सांगतात.

हे फळ्यावर समजावण्यापेक्षा एका किलोमीटरचा हिशेब करून दाखवा. पी लहर 6 किमी वेगानं जाते, म्हणजे एका किलोमीटरला तिला 0.167 सेकंद लागतात. एस लहर 3.5 किमी वेगानं जाते, तिला 0.286 सेकंद लागतात. म्हणजे एस लहर दर किलोमीटरमागे 0.119 सेकंदानं मागे पडते. मग पूर्ण एक सेकंद मागे पडायला तिला किती किलोमीटर लागतील? 1 भागिले 0.119, म्हणजे साधारण 8.4. हे 8.4 किमी म्हणजे एका सेकंदाच्या फरकाची किंमत. फरक 10 सेकंद असेल तर अंतर 84 किमी. हा आकडा पोरांनी स्वतः काढला की पुढे कुणी 6 नं गुणत नाही. (पुस्तकात 8 असेल तर घाबरू नका. तो सोयीसाठी केलेला पूर्णांक आहे, आणि खडक बदलला की वेगही थोडे बदलतात.)

इथे माझीच एक जुनी चूक कबूल करते. हीच गोष्ट मी मैदानावर चालण्याच्या खेळातून शिकवायचे. दोन मुलं एका रेषेवरून एकदम निघतात, मी टाळ्या वाजवते, 'पी' प्रत्येक टाळीला दोन पावलं टाकते आणि 'एस' एक. शेवटच्या रेषेवरचं मूल दोघांच्या पोचण्यामधल्या टाळ्या मोजतं. खेळ छान रंगायचा, आणि वर्गात परत आल्यावर तीच मुलं फरकाला पीच्या वेगानं गुणायची. मला कळेना. मग एकदा स्वतःच गणित मांडलं. अंतर 20 पावलं असेल तर पीला 10 टाळ्या लागतात, एसला 20, फरक 10. आता फरक गुणिले पीचा वेग, म्हणजे 10 × 2 = 20. उत्तर बरोबर! वेगांचं प्रमाण दोनास एक असलं की चुकीच्या रीतीनंही बरोबर उत्तर येतं. म्हणजे ती चूक मीच मैदानावर पेरत होते.

आता मी पीला तीन पावलं देते आणि एसला दोन. अंतर 60 पावलं. पी 20 टाळ्यांत पोचते, एस 30 टाळ्यांत, फरक 10. पीच्या वेगानं गुणलं तर 30 येतात, आणि मूल तर 60 पावलांवर उभं आहे हे सगळ्यांना दिसतंच. मग विचारायचं, एका टाळीचा फरक पडायला किती पावलं लागतात? सहा. 6 × 10 = 60. शिवाय तीनास दोन हे प्रमाण खऱ्या लहरींच्या प्रमाणाच्याही जास्त जवळचं आहे. खडकांत ते साधारण 1.7 असतं.

गुणाकार बरोबर असूनही बारीक फट राहत असेल, तर एकतर एस लहर जरा आधी वाचली गेली आहे, किंवा तिथल्या खडकांतला वेग आपण धरला त्यापेक्षा जास्त आहे. एक गोष्ट मात्र नक्की की फटीचं खापर भूकंपाच्या खोलीवर फोडता येत नाही. खोलीमुळे वर्तुळं मोठी होतात, लहान कधीच होत नाहीत. का, ते पुढे येईलच.

दोन वर्तुळं गुण्यागोविंदानं, तिसरं भलतीकडे

इथे एका वेधशाळेचं वाचन चुकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते एस लहरीचं. पीची सुरुवात सोपी असते. शांत रेषा अचानक थरथरायला लागते. एस लहर येते तेव्हा रेषा आधीच हलत असते, त्यामुळे तिची सुरुवात गर्दीत शोधावी लागते. मग मूल काय करतं? सगळ्यांत उंच नागमोड शोधून तिथे खूण करतं. लांबच्या भूकंपात ती उंच नागमोड बहुधा भूपृष्ठ लहरींची (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरींची) असते आणि त्या एसच्याही मागून येतात. फरक जास्त मोजला जातो, वर्तुळ फुगतं.

यावरची माझी युक्ती साधी आहे. भूकंपालेखावर एक कोरा कागद ठेवायचा आणि पीपासून उजवीकडे हळूहळू सरकवायचा. पुढचं दिसत नसल्यामुळे डोळा उंच शिखराकडे पळत नाही. रेषेची चाल बदलली, झोके मोठे आणि जरा संथ झाले, की थांबायचं. तीच एस. तिन्ही दिशांचे आलेख मिळत असतील तर पी उभ्या हालचालीच्या आलेखावर वाचा आणि एस आडव्या हालचालीच्या. एस लहर खडकाला तिच्या जाण्याच्या दिशेला काटकोनात हलवते. ती खालून वर येत असते, म्हणून जमिनीवर ती आडव्या आलेखात जास्त उठून दिसते.

पेन्सिलीची जाडीही विसरू नका. आलेखावर 1 मिमी म्हणजे 1 सेकंद असेल, तर अर्ध्या मिलिमीटरची बोथट खूण म्हणजे चार किलोमीटरची चूक. एवढ्यानं जुळणी बिघडत असेल तर ती बिघडू द्या. ती चूक नाही, मोजण्याची मर्यादा आहे, आणि मुलांना ती दिसलेली बरीच.

कोणती वेधशाळा चुकली ते कंपास हातात घेण्याआधीच पकडता येतं. आलेखकागदावर आडव्या अक्षावर प्रत्येक ठिकाणी पी लहर पोचल्याची वेळ घ्या आणि उभ्या अक्षावर एस आणि पीमधला फरक. सगळे बिंदू साधारण एका सरळ रेषेवर पडायला हवेत, कारण अंतर वाढतं तशा दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणात वाढतात. जो बिंदू रेषेपासून फटकून आहे, त्या वेधशाळेचा आलेख पुन्हा वाचा. ही रेषा खाली वाढवली की जिथे फरक शून्य होतो ती भूकंप झाल्याची वेळ, हा वरचा फायदा. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियू वादाती यांच्या नावानं हा आलेख ओळखला जातो. खोल भूकंप खरंच होतात हे 1928 च्या सुमारास दाखवून देणारे ते हेच.

एक सावधगिरी घ्या. वादाती आलेखाला सगळ्या वेधशाळांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली लागतात. एक आलेख जागतिक प्रमाणवेळेत आणि दुसरा स्थानिक वेळेत असेल तर गोंधळ उडेल. वर्तुळांच्या पद्धतीला मात्र याची गरज नाही, कारण फरक एकाच घड्याळावर मोजलेला असतो. घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी फरक तोच राहतो. जुन्या काळात, दूरदूरची घड्याळं जुळवणं अवघड असताना, ही पद्धत इतकी कामाची का ठरली ते यातून कळतं.

तिन्ही वर्तुळं एकमेकांवर चढतात

मधे एक फुगीर त्रिकोण उरतो आणि मुलं विचारतात, "यातला नेमका कुठला बिंदू?" सगळ्यांत मजेदार घोळ हाच, कारण इथे मुलांचं काहीच चुकलेलं नसण्याची शक्यता असते.

आपण काढलेलं अंतर वेधशाळेपासून भूकंपनाभीपर्यंतचं, म्हणजे भूकंप प्रत्यक्ष जिथे सुरू झाला त्या जागेपर्यंतचं असतं, आणि नाभी जमिनीखाली असते. म्हणजे ते तिरकं अंतर आहे. आपण तेच घेऊन सपाट नकाशावर वर्तुळ काढतो, म्हणून वर्तुळ अपिकेंद्राच्या पलीकडे जातं. भिंतीला टेकवलेली शिडी सपाट जमिनीवर आडवी टाकली तर तिचं टोक भिंतीपलीकडे जाईल, तसंच. भिंतीची उंची म्हणजे नाभीची खोली.

हे आकड्यांत बघू. समजा तीन वेधशाळांवर फरक आले 4.0, 6.0 आणि 9.3 सेकंद. 8.4 नं गुणून अंतरं येतात साधारण 34, 50 आणि 78 किमी. 1 सेंमीला 10 किमी अशा नकाशावर त्रिज्या 3.4, 5 आणि 7.8 सेंमी. वर्तुळं काढली, ती एकमेकांवर चढली. आता कुठल्याही दोन वर्तुळांचे दोन छेदनबिंदू पट्टीनं जोडा. ही त्यांची सामाईक जीवा. अशा तीन जोड्यांच्या तीन जीवा काढा. त्या एका बिंदूत मिळतात. तो बिंदू म्हणजे अपिकेंद्र.

आता त्या बिंदूपासून वेधशाळा किती लांब आहेत ते पट्टीनं मोजा. समजा आले 1.6, 4 आणि 7.2 सेंमी, म्हणजे 16, 40 आणि 72 किमी. मधल्या वेधशाळेसाठी कर्ण 50, एक बाजू 40, म्हणून पायथागोरसनुसार दुसरी बाजू 30. भूकंप 30 किमी खोलीवर झाला. पहिलीसाठी 34 आणि 16, उत्तर पुन्हा 30. तिसरीसाठी 78 आणि 72, पुन्हा 30. तीन वेगळ्या त्रिकोणांतून एकच आकडा आला की वर्गात एक बारीकशी शांतता पसरते.

त्या शांततेत मी बरीच वर्षं सुख मानलं आणि "बघा, खोलीसुद्धा तिन्हीकडून पटली" असं सांगत राहिले. ते पूर्ण खरं नाही. वर्तुळांची केंद्रं एका रेषेत नसली तर तीन सामाईक जीवा एका बिंदूत मिळतातच. त्यांच्या त्रिज्या चुकलेल्या असल्या तरी. आणि त्या बिंदूपासून काढलेली खोलीही तिन्ही वेधशाळांकडून सारखीच येते, कारण त्या बिंदूची भूमितीय व्याख्याच तशी आहे. जीवा मिळाल्या नाहीत किंवा खोल्या वेगळ्या आल्या तर पट्टी-कंपासाचं काम ढिसाळ झालंय एवढंच कळतं. वेळा बरोबर वाचल्या की नाही, हे यातून कळत नाही. तीन मोजमापांतून आपण तीन अज्ञातं काढली, नकाशावरची दोन आणि खोली. ताळ्यासाठी काही शिल्लकच राहिलं नाही.

म्हणून एकमेकांवर चढलेली वर्तुळं दिसली की लगेच खोलीकडे धावू नका. आधी नकाशाचं प्रमाण तपासा. नकाशाची झेरॉक्स लहान करून काढली असेल, तर "1 सेंमी = 10 किमी" हे छापील वाक्य तसंच राहतं, पण ते आता खोटं असतं. गावं जवळ आली, वर्तुळं तेवढीच राहिली, आणि नसलेली खोली दिसायला लागली. नकाशावरच्या प्रमाणपट्टीवर मोजपट्टी ठेवून बघा. लहान केलेल्या प्रतीत ती पट्टीही लहान होते, म्हणून ती खोटं बोलत नाही. वाक्य छापलेला आणि पट्टी नसलेला नकाशा मी आता वापरतच नाही.

बाकीचे छोटे घोळ

कंपासाचा स्क्रू ढिला असतो आणि वर्तुळ पूर्ण होईपर्यंत त्रिज्या दोन मिलिमीटरनं सरकते. काढलेलं वर्तुळ सुरुवातीच्या बिंदूला परत येतं का ते बघा. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल होते. 18 अंश 30 मिनिटं हे 18.30 असं लिहिलं जातं, खरं तर ते 18.5 असतं, एवढ्यानं वेधशाळा 22 किमी सरकते. तिन्ही वेधशाळा भूकंपाच्या एकाच बाजूला, जवळजवळ एका रेषेत असतील तर वर्तुळं एकमेकांना इतकी तिरपी छेदतात की छेदनबिंदू कुठे ते सांगताच येत नाही. अशा वेळी मुलांचा दोष नसतो, उदाहरण निवडणाऱ्याचा असतो. भूकंपाला वेढा घालणाऱ्या वेधशाळा निवडा.

लांबच्या भूकंपाला हे सगळं कोलमडतं

काही हजार किलोमीटरवरचा भूकंप घेतला तर 8.4 चं सूत्र विसरा. लहरी खोल जातात, तिथे वेग जास्त असतो, त्यामुळे फरक आणि अंतर यांचं साधं प्रमाण उरत नाही. इथे प्रवासवेळेचे वक्र वापरतात, म्हणजे किती अंतराला पी आणि एसला किती वेळ लागतो ते दाखवणारा तयार आलेख; त्यात वेळ उभ्या अक्षावर असते. मुलं भूकंपालेखावरून कागदाच्या पट्टीवर पी आणि एसच्या खुणा करतात आणि पट्टी वक्रांवर सरकवतात. घोळ इथेच होतो. भूकंपालेखावर एक मिनिट जेवढ्या लांबीचा असतो, तेवढाच तो वक्रांच्या आलेखावर नसतो. पट्टीवरच्या खुणा वक्रांच्या उभ्या अक्षावरून करायच्या, भूकंपालेखावरून नाही. आणि पट्टी उभीच धरायची. जरा तिरकी झाली की ती वक्रांवर कुठेही बसते.

पी आणि एस ओळखण्याचं हे सगळं काम फार जुनं नाही. 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1900 साली दूरवरच्या नोंदींत पी, एस आणि भूपृष्ठ लहरी वेगळ्या करून दाखवल्या. मुलांना एस सापडत नाही म्हणून चिडताना मी हे आठवते. फक्त अपिकेंद्रापासून सुमारे 103 अंशांपलीकडच्या (हा कोन पृथ्वीच्या केंद्राशी मोजलेला) वेधशाळेचा आलेख त्यांना देऊ नका. पृथ्वीच्या द्रवरूप बाह्य गाभ्यातून एस लहर जात नाही, त्यामुळे तिथे सरळ येणारी एस पोचतच नाही आणि मुलं दुसऱ्याच कुठल्यातरी लहरीला एस समजून बसतात.

आणि लांबच्या अंतरांची वर्तुळं भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर कंपासानं काढू नका. मर्केटर नकाशावर (ज्यात ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे दिसतात त्या जगाच्या नकाशावर) 60 अक्षांशाजवळचं प्रमाण विषुववृत्तावरच्या दुप्पट असतं, तिथे पृथ्वीवरचं वर्तुळ वर्तुळ दिसतच नाही. पृथ्वीगोल घ्या. 30 सेंमी व्यासाच्या गोलाचा परीघ साधारण 94 सेंमी येतो आणि पृथ्वीचा परीघ सुमारे 40,000 किमी, म्हणजे 1 सेंमीला जवळपास 425 किमी. दोरा त्या हिशेबानं कापायचा, एक टोक वेधशाळेवर बोटानं दाबायचं, दुसऱ्या टोकाला पुसता येणारा पेन. दोरा गोलाला चिकटून राहिला पाहिजे एवढंच.

"मग शास्त्रज्ञ पण कंपासच वापरतात का?"

हा प्रश्न येतोच. आता नाही. 1910 च्या सुमारास लुडविग गायगर यांनी मांडलेली रीत आजच्या संगणकी पद्धतींच्या मुळाशी आहे. भूकंप कुठे, किती खोल आणि कधी झाला याचा एक अंदाज धरायचा. तो खरा असेल तर प्रत्येक वेधशाळेत लहर कधी पोचायला हवी ते काढायचं. प्रत्यक्ष वेळ आणि ही वेळ यांतला फरक बघून अंदाज थोडा सरकवायचा. फरक लहान होत जाईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. वेधशाळा तीन नसतात, बऱ्याचदा डझनावारी असतात, आणि सगळे फरक शून्य कधीच होत नाहीत. उरलेला फरक लपवत नाहीत. त्यावरूनच उत्तर किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकेल ते सांगतात.

वर्गात याची चव द्यायला मी चौथी वेधशाळा पाकिटात बंद ठेवते. तीन वेधशाळांवरून अपिकेंद्र आणि 30 किमी खोली काढून झाली की नकाशावर चौथी दाखवायची. तिचं अपिकेंद्रापासूनचं अंतर मोजून आलं समजा 5.5 सेंमी, म्हणजे 55 किमी. आता प्रत्येक गटानं आधी कागदावर लिहायचं, या वेधशाळेत पी आणि एसमध्ये किती सेकंदांचा फरक असेल? 55 आणि 30 यांचा कर्ण साधारण 62.6 किमी, त्याला 8.4 नं भागलं की 7.5 सेकंद. मग पाकीट फोडायचं आणि आतला भूकंपालेख वाचायचा. ज्या गटानं खोली विसरून 55 लाच भागलं, त्यांच्या कागदावर 6.5 असतं. तो एक सेकंद कुठे गेला हे ते मला विचारत नाहीत, आपल्याच नकाशावर वाकून शोधायला लागतात.